मिशनने का नाही बांधून दिलं?

गेल्या महिन्यात आमच्या इंदापूरकडच्या मंडळीचं पत्र बऱ्याच नातेवाइकांच्या घरी पोचलं. (ब्लॉगवरच्या मित्रांसाठी खुलासा: आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांत 'मंडळी' म्हणजे एका देवळाचे सगळे सभासद. आणि हो, आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात.) पत्रातला मजकूर साधा आहे. भक्ती पत्र्याच्या शेडमध्ये भरते, जागा पुरत नाही, पावसाळ्यात पत्र्यावर सर आली की पाळकसाहेबांचं प्रवचन ऐकू येत नाही. चाळीस-पन्नास घरांची मंडळी आहे, इमारत बांधायचं मनात आहे, वर्गणी द्या.

त्यावर पुण्यातून, मुंबईतून आणि परदेशातून जे फोन आणि मेसेज आले, त्यात एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत होता. इतकी वर्षं मिशन होतं ना, मग मिशनने का नाही बांधून दिलं? आणि त्याला जोडून दुसरा: एखादा मोठा दाता का नाही गाठत? दुसऱ्या प्रश्नाला तर उत्तरही तयार आहे. बाहेरची एक संस्था संपूर्ण इमारत बांधून द्यायला तयार आहे. अट एकच, जागा आणि इमारत त्यांच्या संस्थेच्या नावावर राहील. पंचांमध्ये यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, घ्या, देवाने दार उघडलंय. दुसरा म्हणतो, नको, लहान बांधू पण आपलं बांधू.

माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. पण नुसतं मत सांगून उपयोग नाही, आपल्या घरात मतं भरपूर आहेत. म्हणून इतिहास सांगतो. लेख लांब झालाय, चहा घेऊन बसा.

आधी आपला मुलूख. इंदापूर तालुक्याचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते जमीन महसुलामुळे. इंग्रजांची इथली पहिली आकारणी, प्रिंगलसाहेबाची, इतकी जबर होती की शेतकऱ्याला ती झेपली नाही, जमिनी पडीक पडल्या. मग १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापुरातून नव्याने मोजणी आणि आकारणी सुरू केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेजारी बारामतीकडच्या सुप्यात १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन खतं-वह्या जाळल्या. 'दख्खनचे दंगे' म्हणून शाळेत शिकलो तेच हे. म्हणजे पाऊस बेभरवशाचा, आणि रोकड सावकाराच्या पेटीत. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला, बारामतीकडे उसाचे फड उभे राहिले. पण कालव्याचं पाणी ज्याच्याकडे जमीन त्याच्यासाठी.

आणि आपले पूर्वज कोण होते? आडपडदा कशाला ठेवायचा? या भागात जे ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावकीची कामं करायची, त्याबद्दल सुगीला बलुतं मिळायचं, थोडीफार वतनाची जमीन. धान्य मिळायचं, भाकरी मिळायची, पण हातात नाणं फारसं यायचं नाही. अशा माणसांना 'स्वतःच्या पैशाने देऊळ बांधा' असं सांगणं म्हणजे काय, याचा विचार करा. देवाच्या नावाने द्यायलासुद्धा त्यांच्याकडे ज्वारीच होती.

बारामतीत मिशन आलं ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि तेही ऑस्ट्रेलियातून. 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' नावाच्या तिकडच्या मंडळ्यांचं हे मिशन. पुढे दौंड, श्रीगोंदा या बाजूला त्यांचं काम वाढलं. शाळा, मुलांची वसतिगृहं, दौंडला दवाखाना. इंग्रज सरकारने कायद्याने ज्या जमातींना जन्मजात 'गुन्हेगार' ठरवलं होतं, त्यांच्यासाठी बारामतीला जी सेटलमेंट होती, तीही हेच मिशन चालवायचं. (तो कायदा १८७१ चा. रद्द व्हायला १९५२ उजाडलं. त्यावर वेगळा लेख लिहायला हवा. असो.) लक्षात घ्या, हे मिशन चालवणारी तिकडची माणसंही राजे-रजवाडे नव्हती. त्यांच्या मंडळ्यांच्या वर्गणीतून हा पैसा यायचा. म्हणजे बारामतीतली वीट कुठल्या तरी ऑस्ट्रेलियन गावातल्या माणसाच्या खिशातून आलेली असायची.

मग त्या काळी मिशनने बांधलं ते मिशन कंपाउंडात, आणि खेडोपाडी शिक्षकाची झोपडीवजा शाळा हेच देऊळ. आठवडाभर पाढे, रविवारी गीतं. ही पद्धत सगळ्याच मिशनांची होती, काही आपल्याच भागातली नाही. पण दोष काढण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण 'पैसेवाले असले की देऊळ पटकन होतं' हा आपला गैरसमज आहे.

मुंबईतलं सेंट थॉमस कॅथीड्रल तुम्ही पाहिलं असेल, हॉर्निमन सर्कलपाशी. त्या देवळाकडे उघडणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणून 'चर्चगेट' हे नाव. हे देऊळ बांधायचं ठरवलं गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने, १६७० च्या दशकात. तो १६७७ मध्ये सुरतेला वारला. काम थांबलं. भिंती पंधराएक फूट वर गेलेल्या, छप्पर नाही, आणि तशाच त्या जवळजवळ चाळीस वर्षं उभ्या राहिल्या. हे कोण लोक? ईस्ट इंडिया कंपनीचे! सगळ्या मुलखाचा व्यापार करणारे. पैसा कमी नव्हता. वर्गणी गोळाही झाली होती. पण कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या दर्यावर्दी माणसाने लिहून ठेवलंय की पुढचा मोठा अधिकारी सर जॉन चाइल्ड याने ते पैसे स्वतःच्या कामाला वापरले आणि नंतर त्यांचा पत्ता लागला नाही. हॅमिल्टन चाइल्डचा विरोधक होता, तेव्हा आरोप म्हणूनच हे घ्यायचं. पण भिंती चाळीस वर्षं उघड्या राहिल्या हे तर खरंच.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. त्याने पुढच्या वर्षी व्यासपीठावरून या अर्धवट भिंतींचा विषय काढला आणि वर्गणीची यादी फिरवायला सुरुवात केली. ही यादी मोठी गमतीची आहे. एका गृहस्थाने आपली वर्गणी लिहिली, आणि खाली वेगळे वीस रुपये लिहिले ते 'बायको मिळाल्यावर तिच्या वतीने'! शेवटी १७१८ च्या नाताळात देऊळ उघडलं. त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला तो १८३७ साली.

या गोष्टीतून मी एवढंच घेतो: चाळीस वर्षं अडली ती पैशाने नाही. कोण हिशेब ठेवतो, आणि गेलेल्या माणसाचं काम कोण पुढे नेतो, हे ठरलेलं नव्हतं. कॉबने यादी केली, नावं लिहिली, आणि काम तीन वर्षांत झालं.

आता आपल्या जवळ येऊ. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ च्या अखेरीस सुरू झालं आणि १८३३ मध्ये पहिली मंडळी स्थापन झाली. वीस वर्षं गोऱ्या साहेबांनीच ती चालवली. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच सुमारास, १८५४-५५ मध्ये, बोस्टनहून मिशनचे सेक्रेटरी रुफस अँडरसन पाहणीला आले. या अँडरसन साहेबांचं एक सूत्र होतं. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः चालवावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा आणि स्वतःची वाढ स्वतः करावी. मिशनने पायाला हात लावून द्यावा आणि निघून जावं. ऐकायला इतकं चांगलं की आजही प्रत्येक पाळक-परिषदेत कोणीतरी हे सांगतंच.

अडचण व्यवहारात आली. ज्याला वर्षाकाठी बलुतं मिळतं, त्याने पाळकाचा दरमहा पगार कसा द्यायचा? आणि पाळकाचा पगार निघत नाही तिथे इमारत कुठून? यातून ज्या रीती रुळल्या, त्या आपल्या घरात अजून आहेत, फक्त त्यांचं मूळ आपण विसरलोय. उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, तो धान्यातही चालायचा. भाकरीच्या पिठातून बाईने रोज मूठभर बाजूला काढून ठेवायचं. उपकारस्तुतीच्या सणाला, म्हणजे पीक घरात आल्यावर, ज्वारीची कणसं, भोपळा, अंडी, कोंबडी, जे असेल ते घेऊन यायचं, आणि भक्तीनंतर त्याचा लिलाव. लिलावात एकच भोपळा तीन वेळा विकला जातो, कारण घेणारा तो परत दान करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्याला ती गंमत वाटायची. मुळात ती ज्वारीचं नाणं करायची युक्ती होती.

ही मूठ काय करू शकते, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. मिझोराममध्ये १९१० साली तिथल्या ख्रिस्ती बायकांनी 'बुहफाई थाम' सुरू केलं. स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ वेगळा ठेवायचा आणि तो मंडळीसाठी द्यायचा. मिझो लोक तेव्हा काही श्रीमंत नव्हते. आज त्या मुठीतून कोट्यवधी रुपये उभे राहतात आणि तिथल्या मंडळ्या इतर राज्यांत माणसं पाठवतात. आपल्याकडे मूठ होती, पण वर मिशनचा पगारही होता. त्यामुळे मूठ ही एक भक्तीची रीत राहिली, तिच्यावर कारभार उभा राहिला नाही. हा माझा अंदाज, इतिहासकारांनी कान धरला तर हरकत नाही.

दुसरीकडे, बाहेरच्या पैशाने उत्तम इमारती झाल्या हेही खरं आहे. पुण्यात गुरुवार पेठेतलं (तेव्हाची वेताळ पेठ) पंचहौदचं पवित्र नाम देवालय घ्या. १८८५ सालचं. शेजारी उभा असलेला तो उंच मनोरा आणि त्यातल्या घंटा. काउली फादर्स या इंग्लंडमधल्या संन्यस्त संघाचं हे काम. याच मिशनच्या आवारात ऑक्टोबर १८९० मध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी चहा प्यायली (तरी काहींनी तो नुसता हातात धरला म्हणे) आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. तेव्हा पुण्याच्या दृष्टीने ती जागा 'त्यांची' होती. आत मराठीत उपासना करणारी, पेठेतच राहणारी माणसं होती, पण बाहेरच्याला दिसायचा तो इंग्रजी मनोरा. इमारतीचा पैसा कुठून आला हे माणसं फार काळ लक्षात ठेवतात.

आणि केडगाव. बारामती-इंदापूरच्या माणसाला केडगाव सांगायला नको, पुणे-दौंड रेल्वेवरचं स्टेशन. पंडिता रमाबाईंचं मुक्ति मिशन तिथलं. पण रमाबाई केडगावला का आल्या, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यांच्या शारदा सदनाचा खर्च अमेरिकेतलं 'रमाबाई असोसिएशन' उचलत असे. बोस्टनच्या बायाबापड्यांनी पुढाकार घेऊन ते १८८७-८८ मध्ये उभं केलं होतं. शब्द दिला होता दहा वर्षांचा. आणि सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती होणार नाही, ही त्यात अट होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात यावरून केवढा गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तो इतिहास प्रसिद्ध आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. दहा वर्षं १८९८ मध्ये संपणार, हे रमाबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून त्यांनी आधीच केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. मदत चालू असतानाच, मदत संपल्यानंतरची सोय. १८९६-९७ च्या दुष्काळाने तो हिशेब पार मोडून टाकला, शेकडो मुली आल्या, आणि बाग बाजूला राहून मुक्ति सदन उभं राहिलं. पण जमीन हाताशी होती म्हणून ते उभं राहू शकलं. त्या माळावर त्यांनी पुढे मोठं देवालयही बांधलं.

रमाबाईंनी आधी जमीन बघितली, इमारत नंतर. आपल्या पंचांनी हे एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ.

या सगळ्याबद्दल सर्वांत जास्त तळमळ कोणाला होती, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांना. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी पंचवीस नाही तरी वीसेक वर्षं काम केलं आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडली. 'देवाचा दरबार' काढला. मिशनवर राग होता म्हणून नाही. पगार मिशनचा असला की उपदेश कितीही मराठी असो, ऐकणारा पगाराकडे बघतो, हे त्यांना टोचत होतं. दोन वर्षांत ते गेले, दरबारही फार चालला नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर जागी ठेवला होता.

मग स्वातंत्र्य आलं. मिशनरी हळूहळू परतले. आणि त्यांच्या मागे राहिली कंपाउंडं, बंगले, शाळा, दवाखाने आणि देवळं. ही कोणाच्या नावावर? मिशनच्या, किंवा मिशनने काढलेल्या ट्रस्टच्या. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला (आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो). देऊळ, मठ, मशीद, चर्च, सगळ्यांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, आणि स्थावर मालमत्ता विकायची तर त्यांची पूर्वपरवानगी. कायदा चांगलाच. पण रविवारी बाकावर बसणाऱ्या माणसाला आपल्या देवळाचे विश्वस्त कोण आणि कुठे राहतात, हे अनेक ठिकाणी ठाऊकच नव्हतं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यातला एक पंथ होता चर्च ऑफ द ब्रदरन, ज्याचं काम गुजरातेत आणि आपल्या डहाणू-पालघर बाजूला होतं. एकत्र आलो म्हणजे मालमत्ताही एकत्र आली, असं एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मुळीच नाही. भांडण कोर्टात गेलं आणि निकाल लागला सप्टेंबर २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. न्यायालय म्हणालं की नुसता ठराव करून विलीन झाल्याने ट्रस्टची मालमत्ता हलत नाही, त्यासाठी विश्वस्त कायद्याची रीत पाळावी लागते. म्हणजे १९७० चा ठराव आणि २०१३ चा निकाल, मध्ये त्रेचाळीस वर्षं. सेंट थॉमसच्या उघड्या भिंतींपेक्षा तीन वर्षं जास्तच. कोण बरोबर, कोण चूक यात मला पडायचं नाही. दोन्ही बाजूंना प्रार्थना करणारी माणसं होती. पण ज्या आज्यांनी त्या देवळांत मूठ-मूठ टाकली, त्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं, म्हणून त्यांना कोणी विचारलंही नाही.

तर 'मिशनने का नाही बांधून दिलं' याचं उत्तर असं. जिथे बांधून दिलं, तिथे ते मिशनचंच राहिलं. जिथे नाही दिलं, तिथे शेड आहे, पण निदान भांडण नाही.

आता त्या बाहेरच्या संस्थेच्या देणगीबद्दल. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण 'इमारत आमच्या नावावर' ही अट म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मिशन कंपाउंडाचीच अट झाली. आज त्या संस्थेत जी माणसं आहेत ती चांगली असतील. तीस वर्षांनी कोण असेल? इंदापूरच्या मंडळीला भक्तीची वेळ बदलायची असली, शेजारी अंगणवाडी काढायची असली, तरी परवानगीला जायचं का?

यावर कोणी म्हणेल, चाळीस-पन्नास घरांकडून काय होणार? मला आपल्याच भागाकडे बघून धीर येतो. उजनी धरणात इंदापूर तालुक्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं हेमाडपंती देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून वर दिसतं, आणि लोक ते बघायला जातात. उठून गेलेल्या माणसांनी नव्या गावठाणात घरं बांधली आणि वर्गण्या काढून देवळंही बांधली. दारातल्या संगमरवरी पाटीवर एकशे एक रुपयेवाल्याचंही नाव असतं. सहकारी साखर कारखानेसुद्धा असेच उभे राहिले. १९५० च्या आसपास विठ्ठलराव विखे पाटील प्रवरेच्या काठी गावोगाव हिंडून शेअर गोळा करत होते, तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील. भवानीनगर, माळेगाव ही नावं आपल्याला परकी नाहीत. ज्या तालुक्यांत माणसं उसाच्या बिलातून कपात करून कारखाने उभे करतात, तिथे पाच खणांचं देऊळ होणार नाही?

फक्त एक फरक आहे, आणि तो आपल्यालाच बोलायला हवा. संगमरवरी पाटीवर आपल्याकडे नावं घालता येत नाहीत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कित्येक घरांत श्रद्धा एक आणि दाखला दुसरा अशी अवस्था आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मुलाची फी आणि नोकरी त्या दाखल्यावर असते. पण परिणाम असा की वर्गणीच्या वहीत नावाच्या जागी 'एक हितचिंतक' असं येतं, आणि एकाच वहीत असे हितचिंतक फार असतात. विश्वस्त म्हणून सही करायला माणूस मिळत नाही. मग बाहेरच्याच्या नावावर करणं सोपं वाटतं. बाहेरच्या संस्थेला 'हो' म्हणणाऱ्या तटाची खरी अडचण ही आहे, आळस नव्हे. हे समजून न घेता त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

यावर माझं सुचवणं तीन गोष्टींचं आहे. पहिलं म्हणजे, आधी जागेचे कागद. सातबारा, बिगरशेती परवानगी आणि मंडळीच्या स्वतःच्या ट्रस्टची नोंदणी. विटेचा विचार त्यानंतर. विश्वस्त व्हायला ज्यांना दाखल्याची अडचण नाही, अशी शहरात राहणारी आपल्यातलीच माणसं पुढे यावीत. माझं नाव मी दिलंय. पण ट्रस्टच्या नियमावलीत निम्मे विश्वस्त गावात राहणारेच हवेत हे लिहून ठेवावं, नाहीतर आपणच नवं मिशन होऊन बसू.

दुसरं, पैशाचे नियम. परदेशातल्या नातेवाइकांनी हे जरा नीट वाचा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे 'परदेशी देणगी' धरले जात नाहीत. पण ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचे पैसे परदेशीच, मग ओसीआय कार्ड असलं तरी. त्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावा लागतो. लहान मंडळीला हे झेपणारं नाही. तेव्हा प्रेमापोटी सुद्धा कोणाच्या तरी खात्यावर पाठवू नका. आणि निव्वळ उपासनेच्या इमारतीसाठी दिलेल्या वर्गणीवर करात सवलत सहसा मिळत नाही, पावतीवरून नंतर रुसवा नको.

तिसरं, टप्प्याटप्प्याने बांधायचं. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही शुभवर्तमानातली गोष्ट आपण लहानपणी पाठ केलीय. पाया, मग चार भिंती आणि वर पुन्हा तोच पत्रा. स्लॅब पुढच्या पाच वर्षांत. मनोरा नकोच. दर तीन महिन्यांनी हिशेब भक्तीनंतर मोठ्याने वाचायचा, खजिनदार कितीही सज्जन असला तरी. सज्जन असेल तर त्याला ते आवडेलच.

विधवेच्या दोन टोल्यांवर आपण किती प्रवचनं ऐकली असतील! दरवेळी सांगतात की तिने सर्वस्व दिलं. वर्गणीच्या वहीत तिचे दोन पैसे 'किरकोळ जमा' या एका ओळीत जातात, हे मात्र कोणी सांगत नाही. नव्या वहीत प्रत्येक रकमेची वेगळी ओळ असावी, मग ती दहा रुपयांची का असेना. नाव लिहिता येत नसेल तर नुसता आकडा लिहा. ज्याने दिलं त्याला स्वतःची ओळ ओळखता येते.